कुलूप नसलेला प्लेअर

१

डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करणारी बाई म्हटलं की लोक आधी हसतात, आणि मग माळ्यावर पडलेला आपला प्लेअर पिशवीत घालून हळूच माझ्याकडे येतात. हसू देत. माझं दुकान दुरुस्तीवर चालतच नाही, ते चालतं कुलपांवर. मुलं-नातवंडं तिकडे परदेशात, म्हातारे इकडे. तिकडून कुणीतरी हौसेने सिनेमाची डिस्क पाठवतं, ती इकडच्या प्लेअरमध्ये घालावी तर पडद्यावर एकच ओळ येते: चुकीचा रीजन.

कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडून ठेवलेत. एक ते सहा रीजन माणसांचे, सातवा राखीव, आठवा विमानांचा आणि जहाजांचा. एका तुकड्यातली डिस्क दुसऱ्या तुकड्यात लागत नाही. पण प्रत्येक प्लेअरला एक चोरवाट असते. ट्रे उघडायचा, रिमोटवर त्या मॉडेलचे चार आकडे दाबायचे, छुपा मेनू येतो, तिथे शून्य टाकायचं. शून्य म्हणजे कुठलीही डिस्क चालेल. ट्रे बंद. गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत माझं काम झालेलं असतं. फक्त कोड मारताना ट्रे रिकामा हवा. ही मला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांची पहिली शिकवण. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. शिवायचंच नाही असं सांगितलेल्या गरम तव्याला कोण हात लावून बघतं?

दुकानाच्या मागे एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. तिथे मी राहते आणि माझी भाची राहते. नऊ वर्षांची आहे. डब्यातली साखर गुपचूप खाते म्हणून तिला मी मुंगी म्हणते. तिची आई, माझी धाकटी बहीण, तीन वर्षांपूर्वी तिकडे वारली. जिन्यावरून पडली, असं आमच्या जावईबापूंनी कळवलं. पडली म्हणे! लहानपणी गच्चीच्या कठड्यावरून चालणारी पोर, ती स्वतःच्या घरातल्या जिन्यावरून पडते? तेव्हापासून त्या माणसाचं नाव काढलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सहा वर्षांच्या मुंगीला त्याने माझ्याकडे पाठवून दिलं, कामाच्या वेळा जमत नाहीत म्हणून. आणि आता त्याचा निरोप आला होता: नवं घर घेतलंय, रविवारी येतो, मुलीला घेऊन जातो.

घेऊन जातो. एखादी दुरुस्तीला टाकलेली वस्तू न्यावी तसं.

निरोपाच्या आधी दोन दिवस त्याच्याकडून एक खोकं आलं होतं. धाकटीचे दोन स्वेटर, मुंगीची जुनी पुस्तकं, थोडे फोटो. आणि तळाशी, स्वेटरच्या घडीत, एक डिस्क. पांढऱ्या पाकिटावर धाकटीच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: ताईसाठी.

मला दुसरं काही सुचेचना. यात पुरावा असणार. त्याने न बघता पाठवली असणार आणि आता हाच त्याच्या गळ्याला फास बसणार.

२

डिस्क मी दुकानातल्या प्लेअरमध्ये घातली. ती फिरली, थबकली, आणि ओळ आली: चुकीचा रीजन.

मी दोनदा वाचलं. ही बाजारातली डिस्क नव्हती. कोरी आणून घरी भरलेली, खालची बाजू जांभळट. घरी भरलेल्या डिस्कला रीजन नसतो. पंचवीस वर्षं हेच करतेय मी. कुलूप लावतात ते सिनेमेवाले, छापताना. आपल्या स्वयंपाकघरात बसून कुणी कुलूप लावू शकत नाही. भिंतीवरच्या सावलीला कडी घालण्यासारखं आहे ते.

कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिली. कॉम्प्युटर म्हणाला, कोरी आहे. परत प्लेअरमध्ये घातली. चुकीचा रीजन. म्हणजे एक यंत्र म्हणतं काही नाही, दुसरं म्हणतं आहे पण तुझ्यासाठी नाही. पाकिटावर तर माझंच नातं लिहिलेलं!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रविवारला सहा दिवस होते. मी ट्रे उघडला, रिमोट उचलला आणि चार आकडे दणादण दाबले. डिस्क ट्रेमध्येच होती. शेवटचा आकडा दाबल्यावर माझ्या ते लक्षात आलं. छुपा मेनू उघडला होता. मी काही टाकायच्या आत तिथला आकडा आपोआप बदलला.

नऊ.

नववा रीजन नाहीये. मी तोंडाने म्हटलंसुद्धा, "नववा नाहीये बाबा." मग ट्रे आत गेला. तो मी बंद केला नव्हता.

३

दुसऱ्या दिवसापासून कोड चालेनासे झाले.

पहिल्यांदा आले ते रिटायर्ड पोस्टमन. रोज माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून फुकटचा पेपर वाचतात, हक्काचं गिऱ्हाईक. प्लेअर टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, काय हो हे? नातीने पाठवलेला सिनेमा काल लागत होता, आज म्हणतो चुकीचा रीजन. माझा रीजन काय रात्रीत बदलला?"

"पाडला असेल तुम्ही."

"मी? माझ्या हातून चाळीस वर्षांत एक पाकीट पडलं नाही!"

मी हसत हसत कोड मारला. मेनू आलाच नाही. परत मारला. नाही. तिसऱ्यांदा मेनू आला, आणि शून्याच्या जागी नऊ होता. बदलू गेले तर आकडा जागचा हलेना.

दुपारपर्यंत तिघं आली. संध्याकाळपर्यंत सात. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळी मॉडेलं, काही प्लेअर तर मी दहा वर्षांपूर्वी उघडून दिलेले. सगळ्यांवर नऊ. नवे प्लेअर इंटरनेटला जोडलेले असतात, त्यांचं कंपनीवाले काही बदलू शकतात, मान्य. पण पोस्टमनचा प्लेअर विजेच्या बटणापलीकडे कशालाच जोडलेला नव्हता. त्याला कोण जाऊन सांगणार?

मी स्वतःची समजूत घातली. जुने सुटे भाग आहेत, एकाच वेळी मरतात. एकाच कारखान्यातल्या चिप असतील. रिमोटची बॅटरी उतरली असेल. मग मी बॅटरी बदलली, दुसरा रिमोट घेतला, पण मला माहीत होतं की ही सगळी कारणं मी गिऱ्हाइकांना सांगते, स्वतःला नाही.

रात्री जेवताना मुंगी म्हणाली, "मावशी, ती आईची डिस्क आहे ना?"

"कुठली?"

"जी तू माझ्यापासून लपवतेस."

"मोठ्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही. जेव गुपचूप."

ती गुपचूप जेवली. तिचा बाप तिला न्यायला येतोय हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. तो रिकाम्या हाताने आणि खाली मान घालून परत जाणार होता. त्यासाठी मला फक्त एक प्लेअर हवा होता, ज्याला कोड लागत नाही.

४

असा प्लेअर कुणाकडे असेल तर मास्तरांकडे. त्यांनी मला हातात स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवलं. आता एका डोळ्याने दिसत नाही, पण जीभ शाबूत आहे.

"कोड चालत नाहीत? कोड म्हणजे काय दूध आहे का नासायला?" ते म्हणाले. "तुझा हात बिघडला असेल."

"हात माझा ठीक आहे. कुलूपच नसलेला प्लेअर आहे का तुमच्याकडे, सांगा."

मास्तरांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग कपाटाच्या वरच्या फळीकडे बोट केलं. मी स्टूल घेऊन चढले आणि काढला. काळा, जड, पुढच्या बाजूला कंपनीचं नाव नाही, नुसती नाव निघून गेल्याची खूण.

"एका बोटीवरच्या माणसाने दिला होता. याला कारखान्यात कुलूप घालायलाच विसरले. काहीही लाव, चालतं."

"मग तुम्ही वापरत का नाही?"

"घे आणि जा. आणून देऊ नकोस." एवढं बोलून ते डिस्क बघायला मागू लागले. पाकिटातून काढून त्यांनी ती उजेडाकडे धरली, तिरकी, चांगल्या डोळ्याजवळ. भरलेल्या डिस्कच्या खालच्या बाजूला मधोमध गडद कडं दिसतं. जेवढं भरलंय तेवढं कडं, बाकी कोरी फिकट. नखाने दाखवत म्हणाले, "फार नाही. दहा-बारा मिनिटं असतील."

निघताना त्यांनी विचारलं, "ट्रे रिकामा ठेवून कोड मारतेस ना अजून?"

"म्हणजे काय!" मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले. मास्तरांशी खोटं बोलायची ती माझी पहिली वेळ.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मुंगी शाळेत असताना, मी मागच्या खोलीत तो प्लेअर जोडला. डिस्क घातली. एका क्षणात चित्र आलं.

धाकटीचं स्वयंपाकघर. फोटोत पाहिलेलं होतं, लगेच ओळखलं. कॅमेरा वर कुठेतरी, कपाटावर ठेवल्यासारखा. समोर बेसिन, त्याच्यावर खिडकी. डावीकडे एक तपकिरी दार, बाहेरून कडी-कुलूप. दाराशेजारी भिंतीवरचा फोन. आणि बेसिनपाशी, माझ्याकडे पाठ करून, माझी बहीण.

राखाडी स्वेटर, केसांना क्लिप. तोच स्वेटर तर माझ्या कपाटात होता, त्याच खोक्यातून आलेला. माझे डोळे भरून आले. तीन वर्षांनी तिला बघत होते, पाठमोरी का होईना. ती कप घासत होती. नळाचं पाणी आणि फ्रीजची घरघर, बाकी आवाज नाही. तोच कप. घासायची, धुवायची, परत घासायची.

"तो कुठंय ग?" मी मोठ्याने म्हटलं. "दाखव ना मला तो. तेवढं दाखव, मग बघ मी त्याचं काय करते."

मी दात-ओठ खात वाट बघत बसले. आता आत येईल. आता ओरडेल. आता हात उगारेल. कुणी आलं नाही. अकरा मिनिटांनी धाकटीने नळ बंद केला, मान जराशी तपकिरी दाराकडे कलती केली, जणू आत कुणी काही बोललं, आणि चित्र संपलं.

एवढंच? मला रडू आलं, रागाने. मी डिस्क काढली आणि उगाचच, सवयीने, उजेडात धरली.

गडद कडं मोठं झालं होतं.

नखभर. मास्तरांनी दाखवलेल्या जागेच्या पुढे, स्पष्ट. प्लेअर हा फक्त वाचतो. तो डिस्कवर लिहू शकत नाही, त्याच्यात ती सोयच नसते. मी डिस्क पुसली, परत पाहिली. मग परत लावली. आता चित्र अकरा मिनिटांवर थांबलं नाही. धाकटी नळ बंद करून उभी राहिली, उभीच राहिली, आणि तपकिरी दाराचं कुलूप जागच्या जागी असताना ते दार वीतभर उघडं झालं.

६

शुक्रवारी दुपारी मी बाजारातून लवकर परतले. मागच्या खोलीतून मुंगीचा आवाज येत होता. शाळेतल्या गोष्टी सांगताना बोलते तसा, भराभर, मध्येच थांबून, हसून. मला वाटलं मैत्रीण आली असेल.

खोलीत ती एकटी होती. टीव्हीसमोर मांडी घालून. पडद्यावर धाकटीचं स्वयंपाकघर आणि बेसिनपाशी तिची पाठ.

मी धावत जाऊन टीव्ही बंद केला. "तुला सांगितलं होतं ना! कुणाशी बोलत होतीस?"

"आईशी."

"मुंगी, ती डिस्क आहे. चित्र आहे नुसतं. तिला ऐकू येत नाही. आणि ती पाठमोरी आहे, तुला दिसत नाही का?"

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. वेड्या माणसाशी मुलं जशी समजुतीने बोलतात, तसं बोलली. "तुझ्यासमोर ती पाठमोरी असते मावशी. माझ्याशी वळून बोलते."

मी तिच्याजवळ बसले, तिचे दंड धरले. "काय बोलते?"

"ते सांगायचं नाहीये."

"मला नाही सांगायचं? मी तुझी मावशी आहे. मी तुझं सगळं केलंय."

"म्हणूनच," मुंगी म्हणाली. "तुलाच सांगायचं नाहीये."

त्याच वेळी ती डिस्क मी मोडायला हवी होती. कात्रीने कापून, तुकडे करून बाहेर टाकायला हवी होती. मोडली नाही. कारण रविवार दोन दिवसांवर होता आणि मला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं, ही डिस्क बघताना. भाचीपेक्षा मला तो सूड जवळचा वाटला, हे मी आता कबूल करते. मी डिस्क कपाटात कुलपात ठेवली. ठेवताना पाहिलं, गडद कडं अर्ध्याच्या पुढे गेलं होतं.

७

जावईबापू रविवारी तीनच्या सुमारास आले. मला आठवत होते त्याहून बारीक, केस पांढरे. बाहेर गाडी थांबवून ठेवली होती. हातात मुंगीसाठी नवा कोट.

"कशा आहात ताई?" ते म्हणाले.

"बसा," मी म्हटलं. "मुंगी आत तयारी करतेय. तोवर एक दाखवायचंय तुम्हाला. धाकटीचंच आहे."

त्यांना टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसवलं, प्लेअर चालू केला आणि मी पडद्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले. तीन वर्षं या घटकेसाठी थांबले होते.

चेहऱ्यावर काही नाही. मिनिट गेलं.

"ताई, याच्यावर काही नाहीये. निळा पडदा आहे नुसता."

"सोंगं पुरेत!" मी पडद्याकडे बोट केलं. धाकटी तिथे होती. बेसिनपाशी नव्हती आता, फोनपाशी होती, पाठमोरीच. तपकिरी दार पूर्ण उघडं आणि आत काळोख. "ही उभी आहे तुमच्यासमोर! न बघता पाठवलीत खोक्यातून, आता गळ्याशी आलं तर दिसत नाही होय?"

"डिस्क?" त्यांनी पाकीट हातात घेतलं. "मी डिस्क पाठवली नाही. दोन स्वेटर, पुस्तकं आणि फोटो. आमच्याकडे डिस्क भरायचं मशीनच नव्हतं कधी." मग त्यांनी अक्षर पाहिलं आणि पाकीट हळूच खाली ठेवलं. "तिचंच आहे अक्षर."

"तुम्ही ढकललंत तिला."

बोलले एकदाचं. मला वाटलं चिडतील, उठतील. ते नुसते बसून राहिले.

"तुम्हाला तसं वाटतं, ते माहीत आहे मला," ते म्हणाले. "स्वयंपाकघरातल्या तळघराच्या दाराला मी बाहेरून कुलूप लावून ठेवलं होतं. ती त्या दाराशी तासन् तास उभी राहायची, मला धड सांगायची नाही. किल्ली माझ्या खिशात, मी कामावर. घरी आलो तर कुलूप तसंच. उघडलं, तर ती आत, पायऱ्यांच्या तळाशी. पोलिसांनी दहा वेळा विचारलं, कशी गेली आत? मी काय सांगू? त्यांनी माझ्या कामावर जाऊन खात्री केली आणि मला सोडलं." त्यांनी डोळे पुसले. "तिने त्या दिवशी मला फोन केला नाही. तुम्हाला केला. बिलावर आहे. अकरा मिनिटं. तीन वर्षं मी तुम्हाला विचारलं नाही ताई, मुलगी तुमच्याकडे होती म्हणून. आता विचारतो. काय बोलली ती?"

मी रिमोट उचलून परत खाली ठेवला.

तो फोन आला होता. दुकानात गर्दी होती. धाकटी रडत होती, म्हणाली, "ताई, मला इथून घेऊन जा. या घरात मला भीती वाटते. कुणीतरी खालून हाक मारतं, तुझ्या आवाजात." मला वाटलं नवऱ्याशी भांडली, आता काहीबाही बोलतेय. समोर गिऱ्हाइकं ताटकळत होती. दहा मिनिटं मी हूं हूं करत एका हाताने काम करत राहिले. मग म्हटलं, "जरा सांभाळून घे. सगळ्यांचं असंच असतं." आणि मी फोन ठेवला. हे मी कुणालाही सांगितलं नाही. त्या माणसाचा राग राग करत राहिले, म्हणजे मला ते आठवावं लागलं नाही.

"सांगा ना," जावईबापू म्हणाले.

मी सांगितलं नाही. तेवढ्यात आतून मुंगी आली. पाठीवर पिशवी, पायात बूट, केस विंचरलेले. तिचा बाप येणार हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं, तयारी करतेय ही मी मारलेली थाप होती.

"चला बाबा," ती म्हणाली.

"मुंगी, कुठे निघालीस? तू इथेच राहणार आहेस, माझ्याजवळ." मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, हळुवार.

"आई म्हणाली बाबांबरोबर जा." दाराशी ती वळली. "आणि म्हणाली, आता तिला ताईशी बोलायचंय. एकटीशी."

जावईबापूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या निळ्या पडद्याकडे, आणि मुलीला उचलून घेतलं. इतक्या घाईत मी कुणाला माझ्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलेलं नाही. कोट खुर्चीवरच राहिला.

८

गाडीचा आवाज लांब गेला. मी परत आत आले. पडद्यावर स्वयंपाकघर होतं आणि त्यात कुणी नव्हतं. नळ बंद. फोनचा रिसीव्हर दोरीला लोंबत होता, आणि त्यातून बारीक आवाज येत होता, हूं हूं करणाऱ्या बाईचा. माझा.

मी डिस्क बाहेर काढली. गडद कडं काठापर्यंत पोचलं होतं, कोरं काही उरलं नव्हतं. दोन्ही हातांनी दुमडून मी ती मोडली. तडकून तळहातात तुकडा घुसला, रक्त आलं. टीव्ही आणि प्लेअर, दोन्हींच्या पिना उपटल्या. बरं वाटलं. डोकं चालायला लागलं. पोर रागात आहे, चार दिवसांनी फोन करेल. माणसाचं मन थकलं की काय वाटेल ते दिसतं. कोड गेले तर गेले, रिमोट दुरुस्त करू. असं एकेक घोकत मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला.

फ्रीजची घरघर चालू होती. आणि अजून एक आवाज होता, फार खालून येणारा. एक पाऊल. थांबणं. एक पाऊल.

माझं घर तळमजल्यावर आहे. खाली काही नाही. वीस वर्षं राहतेय मी इथे. फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये मी झाडू ठेवते, तेवढीच जागा आहे. नळाखाली हात तसाच धरून मी मान जराशी कलती केली.

झाडूच्या जागी तपकिरी दार होतं. वीतभर उघडं. ओल्या गारव्याचा वास येत होता, आणि दाराच्या कडेवर आतून चार बोटं टेकलेली होती. पांढरी, फुगलेली, पाण्यात फार वेळ राहिली की सुरकुततात तशी सुरकुतलेली. कधीपासून ती एकच कप घासत होती, कोण जाणे. बोटं कडेवरून सरकत खाली येत होती, कुणीतरी आधार घेत शेवटची पायरी चढावी तशी.

मी पळाले. दुकानाचं दार लागलेलं होतं. मी लावलं नव्हतं. खिट्टी हलेना, किल्ली फिरेना, काचेवर मुठी आपटल्या तर पायरीवर बसलेल्या पोस्टमननी पेपरातून मान वर केली नाही. मागे स्वयंपाकघरात नळ कुणीतरी बंद केला.

टेबलावरचा फोन घेतला आणि जावईबापूंना लावला. हात रक्ताने निसटत होते. तिसऱ्या घंटीला उचलला.

"मावशी?" मुंगी होती.

"मुंगी, बाळा, बाबांना सांग गाडी वळवा! लगेच! मला इथून घेऊन जा. मला भीती वाटते ग इथे, घरात कुणीतरी…"

गाडीचा आवाज येत होता. मुंगी नीट ऐकून घेत होती. ती कधीच कुणाला मध्ये तोडत नाही, गुणी पोर आहे. मी बोलायची थांबले, तेव्हा ती म्हणाली, आणि आवाज तिचाच होता, नऊ वर्षांच्या मुलीचा, जरासुद्धा राग नसलेला,

"जरा सांभाळून घे मावशी. सगळ्यांचं असंच असतं."

आणि तिने फोन ठेवला.